पिझ्झ्याची कणीक आणि पिठातील तांबडा भुंगेरा

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईला लागून असलेले जामुल बाहेरच्या जगाला मुख्यतः तेथील सिमेंट कारखान्यामुळे परिचित आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर या परिसरात कामासाठी देशाच्या अनेक भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पोळपाट-लाटण्याबरोबर धान्य वर्षभरासाठी भरून ठेवण्याची सवयही त्यांनी आणली. भाताच्या या मुलखात गव्हाला दुय्यम स्थान असले, तरी या घरांत रोजची पोळी चुकली नाही. आणि अलीकडे मुलांच्या आग्रहाखातर एखाद्या रविवारी घरीच पिझ्झाही होऊ लागला आहे.

अशा स्वयंपाकघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. तीच कृती, तेच प्रमाण, तेच यीस्ट. तरीही डिसेंबरात टम्म फुगलेली कणीक ऑगस्टमध्ये पसरट, चिकट आणि निर्जीव होते. दोष अर्थातच यीस्टला दिला जातो. नवे पाकीट आणले जाते, तेही कोमट पाण्यात व्यवस्थित फेसाळते, आणि कणीक पुन्हा बसते. यीस्ट निर्दोष असताना कणीक बसत असेल, तर शंका पिठावर घ्यावी लागते. पावसाळ्यात पिठाचे जे बिघडते, त्यात एका तीन-चार मिलिमीटर लांबीच्या कीटकाचा वाटा पुष्कळदा मोठा असतो.

हा संबंध समजण्यासाठी आधी कणीक म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. छत्तीसगडच्या खेड्यांत तांदळाच्या पिठाची जाड अंगाकर रोटी पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. ती खमंग लागते, परंतु फुगत नाही. आणि तिच्या पिठात यीस्ट घातले तरी ती पावासारखी फुगणार नाही. वायू तयार होईल आणि निघून जाईल, कारण तो अडवून धरणारी पिशवी तांदळाच्या पिठात नाही. गव्हाच्या पिठात ती असते. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हातील दोन प्रथिने पाणी लागताच एकमेकांत गुंततात आणि मळण्याने त्यांची लवचीक जाळी बनते. तिलाच ग्लुटेन म्हणतात. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, तर ग्लुटेनिनमुळे ताणलेली कणीक मागे ओढ घेते. इटलीतील बोलोन्या येथील वैद्य बेक्कारी यांनी १७२८ मध्ये पिठाचा गोळा पाण्यात धुऊन हा चिवट अंश प्रथम वेगळा करून दाखवला. त्यांचा प्रयोग पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

जाळी भरण्याचे काम यीस्टचे. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही एकपेशीय बुरशी पिठातील साखरेवर जगते आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल तयार करते. गोव्यातील पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव आंबवीत, तेव्हाही काम याच जातीच्या सूक्ष्मजीवांचे होते. (कीटकशास्त्राच्या वाचकांसाठी एक गंमत: द्राक्षबागेत हे यीस्ट हिवाळाभर कोठे तग धरते, या कोड्याचा उलगडा २०१२ मध्ये फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी केला. गांधीलमाश्यांच्या आतड्यात ते राहते, आणि राणीमाशी ते पुढच्या पिढीच्या अळ्यांना भरवते. पिझ्झ्याचा फुगवटाही अशा रीतीने कीटकांचे थोडे देणे लागतो.)

आता कृती. चार मध्यम पिझ्झ्यांसाठी ५०० ग्रॅम मैदा, साधारण ३१० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा कोरडे यीस्ट आणि दोन लहान चमचे तेल पुरते. साखर आवश्यक नाही. यीस्ट जिवंत आहे का हे पाहण्यापुरती चिमूटभर चालते. पाणी वजनाने मैद्याच्या ६० ते ६५ टक्के असावे. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हातांना हा गोळा सुरुवातीला फार सैल वाटतो आणि वरून पीठ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. पाणी, यीस्ट आणि मैदा एकत्र करून गोळा वीस मिनिटे नुसता झाकून ठेवावा. या विश्रांतीत पीठ पाणी शोषते आणि जाळीचे निम्मे काम आपोआप होते. नंतर मीठ व तेल घालून आठ-दहा मिनिटे तिंबावे. सुपारीएवढा तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणला असता तो न फाटता पातळ पापुद्र्यासारखा होऊन त्यातून उजेड दिसला, की कणीक तयार झाली असे समजावे. ही पापुद्र्याची परीक्षा घड्याळापेक्षा विश्वासार्ह आहे.

कणीक फुगण्यास लागणारा वेळ मात्र पुस्तकातून घेऊ नये. बहुतेक कृती थंड देशांतील स्वयंपाकघरे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्यांतील ‘उबदार जागी दोन तास’ ही सूचना मे महिन्यातील भिलाईत पाळली, तर कणीक दुप्पट होऊन, आंबट पडून खाली बसलेली सापडेल. उन्हाळ्यात माठातले पाणी वापरावे, यीस्ट निम्मे करावे आणि पाऊण तासानंतर पाहत राहावे. त्याहून चांगले म्हणजे यीस्ट १ ग्रॅमवर आणून, कणीक तेल लावलेल्या डब्यात घालून रात्रभर शीतकपाटात ठेवावी. संथ आंबवण्याने स्वाद खुलतो आणि गोळा हाताळण्यासही सोपा जातो. डिसेंबर-जानेवारीत उलट कोमट पाणी घ्यावे. कोमट म्हणजे बोटाला जेमतेम ऊब जाणवेल इतकेच. ५५ ते ६० अंश सेल्सिअसला यीस्ट मरते, आणि अतिउत्साहाने ओतलेल्या कढत पाण्यात अनेक पाकिटे वाया जातात.

दुप्पट फुगलेल्या कणकेचे चार गोळे करून अर्धा तास झाकून ठेवावेत व हाताने थापावेत. लाटण्याने लाटल्यास कडेची हवा निघून जाते. नेपल्सच्या लाकडी भट्टीत ४०० अंशांच्या वर तापमान असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. तेथील या कलेचा समावेश २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत केला. घरच्या ओव्हनमध्ये ती धग मिळत नाही. ओव्हन असेल तितका तापवून, पालथा ट्रे अर्धा तास आत तापू देऊन त्यावर पिझ्झा भाजावा. दहा-बारा मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास बिडाचा जाड तवा आणि घट्ट झाकण यांवरही काम भागते. मात्र तेव्हा एक बाजू आधी भाजून, उलटून, भाजलेल्या बाजूवर चटणी व चीज घालावे.

पीठ कोणते घ्यावे, हा प्रश्न शेतीशी अधिक जवळचा आहे. भारतीय अन्न मानकांनुसार मैद्यात कोरड्या वजनावर किमान ७.५ टक्के ग्लुटेन आणि जास्तीत जास्त १४ टक्के ओलावा असावा लागतो. बाजारातील मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते; १०० ग्रॅममध्ये १० ते ११ ग्रॅम प्रथिने असलेला मैदा पिझ्झ्यास चालतो, त्याहून कमी असल्यास तो नानकटाईसाठी ठेवावा. परंतु प्रथिनांचे प्रमाण आणि त्यांचा कस या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू प्रथिनांनी समृद्ध असतो, तरीही त्याचा पाव नीट फुगत नाही. शेवया आणि रव्यासाठी तो उत्तम. खपलीचे ग्लुटेन त्याहून नाजूक. कारण वनस्पतिशास्त्रीय आहे: पाव फुगवणाऱ्या ग्लुटेनिनचे महत्त्वाचे जनुक गव्हाच्या ‘डी’ गुणसूत्रसंचात असते, आणि बन्सी व खपली या दोन्हींत तो संच नसतो. शरबती, लोक-१ यांसारखे साधे गहू ‘डी’ संच बाळगून असतात. चक्कीच्या आट्यात कोंड्याचे कण जाळीला कापत जातात आणि दगडी घर्षणाने स्टार्चचे कण अधिक तुटलेले असल्याने पाणी जास्त लागते. निम्मा मैदा आणि निम्मा बारीक चाळलेला आटा, पाणी ६८ ते ७० टक्के, विश्रांती अर्धा-पाऊण तास, असे केल्यास चवीला उजवा पिझ्झा होतो, फुगवट्याला थोडा डावा.

आता पावसाळ्याकडे वळू. पिठातील तांबडा भुंगेरा, शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम, हा अख्ख्या दाण्यावर जगू शकत नाही. दाणा फोडण्याचे काम सोंडे आणि टोके करतात. हा मागाहून येतो आणि तुकडे, भुसा, रवा, मैदा यांवर पोसतो. मादी काही महिन्यांच्या आयुष्यात तीनशे ते चारशे अंडी घालते. अंडी चिकट असतात. त्यांना लगेच पीठ चिकटते आणि ती डोळ्यांना दिसेनाशी होतात. अळी पिवळसर, सडपातळ, शेपटीला दोन बारीक काटे असलेली. ३५ अंश तापमान आणि ७० ते ७५ टक्के आर्द्रता मिळाल्यास अंड्यापासून प्रौढ होण्यास जेमतेम तीन आठवडे लागतात, ३० अंशांना सुमारे महिना, आणि २० अंशांच्या आसपास वाढ थांबते. जुलै ते सप्टेंबर या काळात जामुलच्या स्वयंपाकघरातील हवा या किड्याच्या सोयीची असते. डिसेंबरातील चांगली कणीक आणि ऑगस्टमधील वाईट कणीक यांतील फरकाचे मूळ बहुधा येथे सापडते. मे अखेरीस फोडलेले आणि घडी घालून ठेवलेले पाकीट ऑगस्टपर्यंत दोन-तीन पिढ्यांचे घर होऊ शकते.

किड्याने पीठ खाल्ले, हे नुकसान किरकोळ असते. खरा अपाय त्याच्या स्रावाचा. भुंगेऱ्याच्या छातीत आणि पोटाच्या टोकाशी दुर्गंधी ग्रंथी असतात. संकटात किंवा गर्दीत तो त्यांतून बेन्झोक्विनोन वर्गातील संयुगे सोडतो. एका जागी जितकी गर्दी अधिक, तितका स्राव अधिक. निसर्गात हे त्याचे संरक्षण असते. या रसायनांनी बुरशी आणि जंतूंची वाढही रोखली जाते. पिठात मात्र ही क्विनोने प्रथिनांशी रासायनिक क्रिया करतात. जी जाळी ताणली जावी आणि मागे ओढ घ्यावी, तिचा ताण जातो. कणकेची लवचीकता घटते, वायू धरला जात नाही, भाजलेला पदार्थ बसका व काळपट होतो. जास्त प्रादुर्भाव झालेल्या पिठाला गुलाबी-करडी छटा येते आणि जंतुनाशकासारखा उग्र वास येतो. यीस्ट कितीही बदलले तरी अशा पिठावर इलाज नसतो.

कीटक ग्लुटेन कसे मोडतो याचे आणखी ठळक उदाहरण पश्चिम आशियात दिसते. इराण, तुर्कस्तान, सीरिया या देशांत सन पेस्ट नावाचा ढेकूण उभ्या पिकातील गव्हाचा दाणा शोषतो आणि त्यात आपल्या लाळेतील प्रथिनभंजक विकरे सोडून जातो. दोन ते पाच टक्के दाणे असे असले, तरी सगळ्या पिठाचा पाव बिघडतो, कारण पाणी मिळताच ती विकरे कणीक आतून विरघळवू लागतात. मराठी शेतकऱ्यास ही कीड अपरिचित आहे, ही समाधानाची गोष्ट.

चाळून घेतले म्हणजे पीठ शुद्ध झाले, हा समज घराघरांत पक्का आहे. चाळणीत प्रौढ किडे आणि मोठ्या अळ्या अडकतात. अंडी, लहान अळ्या, विष्ठा आणि क्विनोने खाली पिठातच जातात. मोठ्या पीठगिरण्यांत यासाठी वेगाने फिरणाऱ्या तबकडीवरून पीठ भिंतीवर आदळवतात, म्हणजे अंडी फुटतात. घरच्या चाळणीला ते साधत नाही. क्विनोने विषारी आहेत, आणि भाजण्याने ती पूर्णतः नष्ट होतात असे गृहीत धरून असे पीठ मुलांच्या ताटात वाढणे योग्य नाही.

पिठाची परीक्षा घरी होऊ शकते. प्रथम वास घ्यावा. नंतर मूठभर पीठ काळ्या ताटात गुळगुळीत पसरून पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. किडे असल्यास पृष्ठभागावर नागमोडी रेषा उमटतात. तिसरी परीक्षा बेक्कारींची. १०० ग्रॅम मैदा ६० मिलिलिटर पाण्यात मळून अर्धा तास ठेवावा आणि भांडेभर पाण्यात हळूहळू चोळून धुवावा. पाणी दुधाळ होत जाईल. दोन-तीन वेळा पाणी बदलल्यावर हातात रबरासारखा पिवळसर गोळा उरेल. चांगल्या मैद्यात तो साधारण २५ ते ३० ग्रॅम भरतो, अखंड राहतो आणि ताणून सोडल्यास आखडतो. खराब पिठात तो तुटक, चिकट निघतो किंवा हातात धरताच येत नाही. नव्या पाकिटातील आणि जुन्या डब्यातील मैदा शेजारी शेजारी धुऊन पाहिल्यास फरक शाळकरी मुलालाही कळेल. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग स्वस्तही आहे.

उपाय साधे आहेत. पावसाळ्यात मैदा महिन्याला पुरेल इतकाच घ्यावा. पाकीट आणताच चार दिवस शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांना ठेवल्यास अंड्यांसह सर्व अवस्था मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर दवाने पीठ ओले होते. त्यानंतर घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरावे. तांबडा भुंगेरा पाकीट फारसा पोखरत नाही. तो शिवणीतून आणि उघड्या घडीतून शिरतो, त्यामुळे डब्याचे झाकण येथे औषधाहून मोलाचे. जुन्या पिठावर नवे पीठ ओतण्याची सवय सोडावी. डबा रिकामा झाल्यावर धुऊन, उन्हात पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावा. गिरणीवरून आटा आणताना पहिला किलोभर आपल्याआधीच्या गिऱ्हाइकाच्या पिठात मिसळून येतो, हेही लक्षात ठेवावे. वर्षाचा गहू मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवावा; ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आलेल्या, दाताखाली कट्कन फुटणाऱ्या दाण्यात कीड सहज वाढत नाही. गव्हाला हलके एरंडेल चोळण्याची जुनी मराठी रीत उपयुक्त आहे. ती दाण्यासाठी आहे, पिठासाठी नव्हे, आणि दळण्यापूर्वी गहू पुसून घ्यावा.

एका बाबतीत मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. बोलीभाषेत सल्फास म्हटली जाणारी अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घरातील धान्याच्या कोठीत टाकण्याची प्रथा अजूनही आढळते. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. या वायूला उतारा नाही. गोदामात ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीत, ठरावीक दिवस धुरी देऊन नंतर हवा खेळवण्यासाठी ती बनलेली आहे; घरगुती वापरासाठी तिच्या विक्रीस परवानगी नाही. झोपण्याच्या खोलीत धान्याची पोती ठेवून त्यांत अशी गोळी सारल्याने माणसे दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत, आणि लहान मुलांना त्याची झळ आधी लागते. पावसाळ्यात ओलावा जास्त, खिडक्या बंद, म्हणजे धोका दुप्पट. शिवाय भारतातील तांबड्या भुंगेऱ्याच्या अनेक समूहांत फॉस्फिनला प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे. अर्धवट धुरीने किडा मरत नाही, माणूस मात्र मरू शकतो. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर यांचाही धान्यात वापर करू नये. पारा हा विषारी धातू आहे, आणि खाद्यपदार्थांत बोरिक आम्लाला परवानगी नाही.

पावसाळ्यातील उघड्या पिठात भुंगेऱ्याखेरीज कोळीही वाढतात. हे आठ पायांचे जीव कीटक नव्हेत, आणि डोळ्यांना दिसतही नाहीत. धूळ-कोळ्यांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना अशा पिठाचा पदार्थ खाल्ल्यानंतर तीव्र प्रतिक्रिया आल्याची प्रकरणे व्हेनेझुएलासह उष्ण हवेच्या देशांतून वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. त्यांतील ॲलर्जीकारक प्रथिने भाजण्यानेही टिकून राहतात. घरात दम्याचा रुग्ण असल्यास पावसाळ्यात मैद्याचे फोडलेले पाकीट शीतकपाटातच ठेवावे.

बिघडलेल्या पिठाचे काय करावे, हा प्रश्न उरतो. ते अंगणात टाकल्यास किडा घरात परततो. कॅस्टेनियम जातीचे प्रौढ उडू शकतात. पीठ पाण्यात कालवून, उकळून त्याची खळ करावी. क्विनोनांनी बिघडते ते ग्लुटेन, स्टार्चची चिकटण्याची शक्ती बव्हंशी शाबूत राहते. वह्यांना कव्हरे आणि पतंगाला शेपट्या चिकटवण्यास ती खळ चालते, फक्त हात नंतर साबणाने धुवावेत.